सातारचं सैनिक स्कूल आणि आमचे आजोबा

परवा शुक्रवारी रात्री ताईचा फोन आला. मी नुकताच ऑफिसातून येऊन मॅगीचं पाणी गॅसवर ठेवलं होतं. ताई कराडला असते. 'जेवलास का, बारीक झालायस का' वगैरे नेहमीचं झाल्यावर ती मुद्द्यावर आली.

"अरे, ईशूनं नवीनच खूळ काढलंय. साताऱ्याच्या सैनिक स्कूलची परीक्षा द्यायची म्हणते. तुझे दाजी म्हणतात, दहा वर्षांच्या पोरीला हॉस्टेलात ठेवायचं म्हणजे काय? तू जरा नेटवर बघून सांग ना, नक्की काय प्रकार आहे ते."

घरात एक जण आयटीत असला की प्रिंटर बंद पडण्यापासून पोरीच्या भवितव्यापर्यंत सगळं त्यालाच विचारायचं असा आमच्याकडे रिवाज आहे. मी 'बघतो' म्हणालो. ताईला हवी होती ती माहिती पाच मिनिटांत सापडली. पण मी वाचतच बसलो. शनिवार गेला, रविवारची दुपारही गेली. कारण या शाळेशी आमच्या घराचा एक जुना हिशोब बाकी आहे. आधी तो सांगतो.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, देवराष्ट्रापासून फार लांब नाही. आजोबा मराठा रेजिमेंटमध्ये होते. बेळगावला ट्रेनिंग, पासष्टची लढाई, एकाहत्तरची लढाई, आणि शेवटी हवालदार म्हणून पेन्शन. १९७३ साली ते सुट्टीवर आले होते, तेव्हा बाबा दहा वर्षांचे होते. पलटणीत कुणीतरी आजोबांना सांगितलं होतं की साताऱ्याला सरकारची एक शाळा आहे, तिथून पोरं थेट साहेब होऊन निघतात. मग काय, आजोबांनी बाबांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि दोघे एस.टी.नं साताऱ्याला गेले.

शाळेच्या फाटकापर्यंत गेले. आत जाऊन चौकशी करायची होती. तेवढ्यात आतून दोन पोरं गेली, बाबांच्याच वयाची, एकमेकांशी इंग्रजीत बोलत. आजोबा थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग बाबांना म्हणाले, "चल बाबा, यस्टी चुकंल." स्टँडवर येऊन कंदी पेढे घेतले आणि दोघे घरी आले. बाबा पुढे प्राथमिक शिक्षक झाले. ही गोष्ट ते अजूनही हसत हसत सांगतात. आजोबांनी मात्र ती कधीच सांगितली नाही.

आता गंमत बघा. ज्या माणसासाठी ती शाळा काढली होती, बरोब्बर तोच माणूस फाटकावरून परत गेला होता. हे मला या शनिवार-रविवारी कळलं.

हे समजून घ्यायचं तर सैन्यातली एक साधी गोष्ट माहीत हवी. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना ती माहीत नसते, म्हणून सांगतो. सैन्यात वर चढायचे दोन वेगळे जिने आहेत. एक शिपाई, नाईक, हवालदार, मग नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर असा जातो. दुसरा लेफ्टनंटपासून सुरू होतो, आणि कॅप्टन, मेजर, कर्नल करत जनरलपर्यंत पोचतो. पहिल्या जिन्यावरून दुसऱ्यावर जायच्या वाटा आहेत, आर्मी कॅडेट कॉलेज ही त्यातली एक. पण त्या वाटेनं जाणारे थोडेच. बहुतेकांच्या बाबतीत तुम्ही कुठल्या जिन्याच्या पायथ्याशी उभे राहता हे वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ठरतं, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं त्यावरच जातात. चाळिशीतला हवालदार बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला 'साहेब' म्हणून सॅल्यूट ठोकतो. आजोबांनी असे किती सॅल्यूट ठोकले असतील, देव जाणे.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यानं पहिल्या जिन्यावर माणसं पाठवायला कधीच कमी केलं नाही. कृष्णाकाठ सोडून पूर्वेकडे गेलं की माण, खटाव, आटपाडी, जत. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू. पोटासाठी कुणी मुंबईला गिरणीत गेला, कुणी गलाईच्या धंद्यासाठी पार देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि कुणी पलटणीत भरती झाला. पलटणीतून महिन्याला मनिऑर्डर यायची, नंतर पेन्शन मिळायची. त्यात शौर्याची हौस होतीच, नाही असं नाही. पण पोटाचा प्रश्न आधी होता.

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. इंग्रजांनी त्यांची आठवण म्हणून गावात स्मारक उभारलं. त्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कूत-अल-अमारा या गावात 'पूना डिव्हिजन'ला तुर्कांनी वेढा घातला होता. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. शेवटी खायला अन्न उरलं नाही आणि शरणागती पत्करावी लागली. आपल्याकडच्या ज्या पोरांनी कऱ्हाडच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं, ती तिग्रिस नदीकाठी उपाशी लढत होती.

दुसऱ्या महायुद्धातही तेच. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघा मराठा सैनिकांना इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे नाईक होते आणि १० जुलै १९४४ ला लढताना गेले. जाधव शिपाई होते, त्यांचा पराक्रम ९ एप्रिल १९४५ चा. दोघे सातारा-सांगलीचे नव्हेत, घाडगे कोकणातले आणि जाधव नगर जिल्ह्यातले. पण हुद्दे बघा. नाईक आणि शिपाई. शौर्यात कुठे कमी नव्हतं, जिना वेगळा होता इतकंच.

आणि दुसरा जिना? तो मुळात आपल्यासाठी नव्हताच. १९१८ पर्यंत भारतीयाला सँडहर्स्टला जाऊन किंग्ज कमिशन मिळवायची सोय नव्हती. त्या वर्षी वर्षाला दहा जागा दिल्या. अख्ख्या हिंदुस्थानाला दहा! त्या दहा पोरांची इंग्लंडला जायच्या आधी तयारी करून घ्यावी म्हणून १३ मार्च १९२२ ला डेहराडूनला एक मिलिटरी कॉलेज काढलं. तेच आजचं आर.आय.एम.सी. मग १९३२ साली डेहराडूनलाच इंडियन मिलिटरी अकॅडमी आली. पण या सगळ्या ठिकाणी जायला आधी फर्डं इंग्रजी लागायचं, घरात पैसा लागायचा, आणि बहुतेक वेळा घराण्याचं नाव. जवानांच्या मुलांसाठीही इंग्रजांनी 'किंग जॉर्ज' शाळा काढल्या होत्या. त्यातली एक १९४५ साली आपल्या जवळ बेळगावलाच निघाली. पण या शाळा सुरू झाल्या त्या शिपायाच्या पोरातून चांगला शिपाई, फार तर चांगला सुभेदार घडवायला. त्याला मेजर करायचं कुणाच्या मनात नव्हतं. (स्वातंत्र्यानंतर या शाळांचं स्वरूप बदललं. आता त्यांना राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणतात.)

महाराष्ट्रातल्या काही लोकांच्या हे लक्षात आलं होतं. पुण्यात १९३२ साली श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल निघालं. १९३७ साली डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. शाळा चांगल्या, पण खाजगी. गावाकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं पोर तिथे पोचायची शक्यता किती होती, तुम्हीच सांगा.

आमच्या भागात तर शिस्तीची आणि धाडसाची हौस कमी होती असंही म्हणता येत नाही. १९४३ ते १९४६ मध्ये नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा इथे अंमल होता. कुंडलला तुफान सेना होती, तिथं पोरांना कवायत शिकवत. म्हणजे पोरं होती, अंगात रग होती, शिस्त होती. वरच्या जिन्याचा पायथा कुठे आहे हे दाखवणारं कुणी नव्हतं.

स्वातंत्र्य मिळालं. १६ जानेवारी १९५५ ला खडकवासल्याला एन.डी.ए.चं उद्घाटन झालं. आता अधिकारी आपल्याच दारात तयार होऊ लागले. पण मुलं येत होती ती पुन्हा मोठ्या शहरांतून, पब्लिक स्कूलमधून आणि सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या घरांतून. काही राज्यांतून भरपूर, काही राज्यांतून नावाला. आमच्या भाषेत बोलायचं तर एन.डी.ए. नावाचं सर्व्हर उत्तम चालू होतं, पण खेड्यापाड्यांतून तिथे जाणारी लाईनच टाकलेली नव्हती.

ती लाईन टाकायचं काम तेव्हाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांनी हाती घेतलं. प्रत्येक राज्यात एक निवासी शाळा. उद्देश असा की सैन्यातल्या अधिकारीवर्गात जो प्रांताप्रांतांतला आणि वर्गावर्गातला असमतोल आहे तो दूर व्हावा. सामान्य घरातल्या मुलाला पब्लिक स्कूलच्या तोडीचं शिक्षण द्यायचं आणि एन.डी.ए.साठी तयार करायचं. उत्तर प्रदेश सरकारनं १९६० साली लखनौला स्वतःचं सैनिक स्कूल सुरू केलं होतंच. पण संरक्षण मंत्रालयाच्या या देशव्यापी योजनेतली पहिली शाळा कुठे निघाली? साताऱ्याला. तारीख २३ जून १९६१. म्हणजे पानशेत फुटायच्या आधी जेमतेम तीन आठवडे. कपूरथळा, बालाचडी, कुंजपुरा, चितोडगड या सगळ्या त्याच वर्षीच्या, पण साताऱ्याच्या नंतरच्या.

साताराच का? १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि पहिले मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्र, शिक्षण कऱ्हाड. देवराष्ट्र आता सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हाचा सातारा म्हणजे आजचा सातारा आणि सांगलीचा मोठा भाग. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. या मातीतून पलटणीत कोण जातं आणि कुठल्या हुद्द्यावर परत येतं, हे यशवंतरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. पुढे नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या युद्धाच्या वेळी मेनन गेले आणि यशवंतराव स्वतःच संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असं आपण जे म्हणतो ते हेच.

शाळेची रचना विचारपूर्वक केलेली आहे. मालकी कुठल्या एका सरकारची नाही. सैनिक स्कूल्स सोसायटी संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली चालते. जमीन, इमारती आणि शिष्यवृत्त्यांचा भार राज्य सरकारनं उचलायचा. प्राचार्य भूदल, नौदल किंवा हवाई दलातला अधिकारी. शिकवणारे शिक्षक नागरी. वर्ग सहावी ते बारावी, अभ्यासक्रम सी.बी.एस.ई.चा, माध्यम इंग्रजी. मुलांना विद्यार्थी म्हणत नाहीत, कॅडेट म्हणतात. पहाटे पी.टी., मग नाश्ता, वर्ग, दुपारनंतर खेळ, संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून अभ्यास. एन.सी.सी. असते. मुलं वेगवेगळ्या हाऊसमध्ये विभागलेली असतात आणि हाऊसचा कारभार बराचसा मोठी मुलंच बघतात. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चौदा वर्षांच्या पोरावर अकरा वर्षांच्या दहा पोरांची जबाबदारी टाकली की तो जे शिकतो ते कुठल्या क्लासात मिळत नाही. निदान मला तरी मिळालं नाही. पहिल्यांदा टीम लीड झालो तेव्हा माझी जी त्रेधा उडाली होती ती माझी मलाच माहीत.

बारावीत एन.डी.ए.ची परीक्षा. ती यू.पी.एस.सी. वर्षातून दोनदा घेते. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० गुणांची. लेखी पास झालं की एस.एस.बी.ची मुलाखत, तिला पुन्हा ९०० गुण. म्हणजे लेखीइतकंच वजन मुलाखतीला. आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूसारखी अर्ध्या तासात उरकणारी मुलाखत ही नाही. पाच दिवस तिथेच राहायचं. त्यात एक शब्दांची चाचणी असते. पंधरा सेकंदांना एक शब्द दिसतो, मनात येईल ते वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. मग मैदानावर आठ-दहा अनोळखी मुलांबरोबर फळी, दोर आणि ड्रम घेऊन अडथळा पार करायचा. बघायचं हे की कोण हुकूम सोडतो, कोण ऐकून घेतो आणि कोण गप्पच बसतो. गावाकडचं पोर बहुतेक वेळा इथे अडतं. डोक्यानं कमी असतं म्हणून नाही. चारचौघांत, त्यातून इंग्रजीत, 'मला असं वाटतं' म्हणायची सवय नसते म्हणून. सैनिक स्कूलमध्ये सात वर्षं नेमकी ही सवय लावतात.

मग साठ वर्षांत जमलं का? खरं सांगायचं तर काही जमलं, काही नाही.

जमलं ते आधी. एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे. २००९ ते २०११ ते हवाई दलप्रमुख होते. २०१४ साली लष्करप्रमुख झालेले दलबीरसिंग सुहाग चितोडगडच्या सैनिक स्कूलचे. आणि २०२४ साली तर कमाल झाली. नौदलप्रमुख झालेले दिनेश त्रिपाठी आणि लष्करप्रमुख झालेले उपेंद्र द्विवेदी हे दोघे मध्य प्रदेशातल्या रीवाच्या सैनिक स्कूलमधले वर्गमित्र. एका वर्गातून दोन दलांचे प्रमुख!

पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते कर्नल संतोष महाडिक यांच्या नावानं. सातारा तालुक्यातलं पोगरवाडी हे गाव, शाळा साताऱ्याचं सैनिक स्कूल. पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेसमधले अधिकारी. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना ते शहीद झाले. मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. त्या वेळी ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. ही बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली आहे. म्हणजे ज्या पलटणीत आमच्या आजोबांसारखे हजारो लोक सॅल्यूट ठोकत आले, त्याच पलटणीच्या जवानांचं नेतृत्व साताऱ्याच्या खेड्यातलं पोर करत होतं, आणि सगळ्यात पुढे राहून करत होतं. १९६१ साली जी लाईन टाकली ती इथपर्यंत आली. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी नंतर स्वतः परीक्षा दिली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या सैन्यात लेफ्टनंट झाल्या. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि खाली जाऊन एक चक्कर मारून आलो.

आता न जमलेलं. या शाळेत गेलेली सगळी मुलं सैन्यात जात नाहीत. बरीच जण डॉक्टर, इंजिनिअर, सरकारी अधिकारी होतात. त्यात वाईट काही नाही, पण शाळा काढली होती ती त्यासाठी नव्हे. दुसरं, लष्करप्रमुखपदापर्यंत पोचलेली अलीकडची मराठी नावं घ्या. जनरल मनोज नरवणे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे, जनरल मनोज पांडे नागपूरचे. दोघांबद्दल अभिमानच आहे. पण पुणे-नागपूरच्या मुलाला एन.डी.ए.चं दार तसं आधीपासूनच माहीत होतं.

आणि तिसरं पैशाचं. पूर्वी राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीवर साध्या घरातलं पोर शिकून जायचं. शिष्यवृत्त्या आजही आहेत, पालकांच्या उत्पन्नावर ठरतात. पण फी वर्षाला लाखाच्या वर गेली आहे, आणि जो गरिबही नाही आणि श्रीमंतही नाही अशा मधल्या माणसाची पंचाईत होते. त्यात प्रवेश परीक्षेचे क्लास. मी दहा वर्षांचा असताना आजोबांनीच हट्टानं माझा फॉर्म भरला होता. त्यांच्याबरोबर मी साताऱ्याला पेपर द्यायला गेलो. या वेळी ते फाटकाबाहेर नव्हते, चांगले ताठ चालत आत आले. पेपर सुटल्यावर बाकीची पोरं उत्तरं जुळवत होती. त्यातली किती तरी वर्षभर हॉस्टेलात राहून याच परीक्षेचा क्लास करून आली होती. मी आदल्या दिवशीपर्यंत विहिरीत पोहत होतो :) यादीत माझं नाव आलं नाही. आजोबा काही बोलले नाहीत. या वेळीही पेढे घेतले. मी पुढे सांगलीत इंजिनिअरिंग केलं आणि पुण्याला आलो. चार वर्षांपूर्वी आजोबा गेले.

असो. ताईला उत्तर द्यायचं आहे, ते असं.

ताई, ईशूला परीक्षा देता येईल. पूर्वी नसती देता आली. मिझोरममधल्या छिंगछिप इथे २०१८ साली प्रयोग म्हणून मुलींना घेतलं आणि २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक स्कूलमध्ये सहावीला मुलींना प्रवेश सुरू झाला. जागा थोड्या आहेत, चुरस असणार. पुढचा दरवाजाही आता उघडा आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एन.डी.ए.ची परीक्षा मुलींना खुली झाली आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली खडकवासल्याहून पास होऊन बाहेर पडल्या.

सहावीचा पेपर ३०० गुणांचा असतो. त्यातले १५० एकट्या गणिताचे, बाकी भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान प्रत्येकी ५०. वय १० ते १२ लागतं. आणि हे नीट वाच, सहावीचा पेपर मराठीतून देता येतो. नववीच्या प्रवेशाला मात्र इंग्रजीच. म्हणजे जायचं असेल तर सहावीला जाणं आपल्या पोरांच्या जास्त फायद्याचं. आत गेल्यावर इंग्रजी शिकवायचं काम शाळेचं.

दाजींचं म्हणणंही खोटं नाही. दहाव्या वर्षी घर सोडणं सोपं नसतं, आणि प्रत्येक पोराला ते मानवत नाही. त्यांना सांग, ही शेवटची एस.टी. नाही. महाराष्ट्र सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावीनंतर मुलांना घेतात आणि दोन वर्षं एन.डी.ए.ची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ साली नाशिकला सुरू झाली. पिरंगुटजवळ कासार आंबोलीला राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे. केंद्राच्या नवीन योजनेत खाजगी आणि संस्थांच्या शाळांनाही सैनिक स्कूलची मान्यता मिळते, त्यात आपल्या सांगली जिल्ह्यातली एस. के. इंटरनॅशनल स्कूलही आहे. आणि काहीच नाही झालं तरी साध्या कॉलेजातून बारावी करून एन.डी.ए. देता येतेच. तेव्हा तिला वर्षभर क्लासच्या हॉस्टेलात कोंबू नका. घरी राहून, पोहून, गणितं सोडवून परीक्षा द्यायला काय हरकत आहे?

हे सगळं मी रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ताई-दाजी ऐकत होते. ईशू मध्येच घुसली. तिला १९७३ ची गोष्ट मी पहिल्यांदाच सांगितली. तिनं विचारलं, "मामा, पणजोबांना आत का नाही सोडलं?"

"कुणी अडवलं नव्हतं गं त्यांना."

"मग गेले का नाहीत?"

दाजी हसले. मला काही हसू आलं नाही. पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढाया करून आलेला माणूस एका उघड्या फाटकातून आत का जाऊ शकला नाही, हे दहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? इराकपासून सुरुवात करावी लागली असती. म्हणून मग हे सगळं लिहून काढलं. ती मोठी झाल्यावर वाचेल.

येत्या शनिवारी मी साताऱ्याला जातोय. ताई आणि ईशू कराडहून येतील. फॉर्म भरायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही, दाजी अजून 'बघू' म्हणतायत. पण आधी आत जाऊन शाळा बघायची, काय विचारायचं ते तोंड उघडून विचारायचं, एवढं मात्र नक्की ठरलंय. येताना पेढे आणीन.